शेवटचो पयलो कसो इलो?

ती क्लिप तुम्ही पाहिलेली आहे. नाव आठवत नसेल, देश आठवत नसेल, तरी पाहिलेली आहे. बर्फाच्या रिंगणात पाच जण. पुढचे चौघं एकमेकांच्या पाठीला चिकटून, पाचवा पंधराएक मीटर मागे, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. शेवटचं वळण. चिनी खेळाडू पुढे घुसायला बघतो आणि पडतो. मग एकात एक अडकत उरलेले तिघंही आडवे, घसरत थेट कडेच्या गाद्यांवर. मागचा ऑस्ट्रेलियन आरामात येतो, रेषा ओलांडतो आणि हात वर करतो. ते हातही असे, की 'करू ना वर?' असं आधी कुणाला तरी विचारतोय.

सॉल्ट लेक सिटी, १६ फेब्रुवारी २००२. शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग, पुरुषांची १००० मीटरची अंतिम शर्यत. त्याचं नाव स्टीव्हन ब्रॅडबरी. दक्षिण गोलार्धातल्या देशाला हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं सुवर्णपदक. ऑस्ट्रेलियन इंग्रजीत 'ब्रॅडबरी करणं' असा वाक्प्रचारच त्यावरून तयार झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर फुकटात जिंकणं.

गेल्या जूनमध्ये मी मालवणला घरून काम करत होतो. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, आणि दांडीवरचे आमचे काका पडवीत जाळं शिवत बसलेले. मी त्यांना क्लिप दाखवली. काका हसले. "शेवटचो पयलो कसो इलो रे?" मी म्हटलं, नशीब. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, पुन्हा लावली, आणि जाळ्याकडे वळता वळता विचारलं, "पण तो येवढो मागे कित्याक रवलो होतो?"

ही क्लिप मी किमान शंभर वेळा पाहिली असेल. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मला वाटतं, या क्लिपवरची सगळ्यात चांगली समीक्षा त्या एका वाक्यात आहे. कारण क्लिपचं आजवर दोनच प्रकारे वाचन झालंय. पहिलं विनोदी: मागे सर्कशीचं संगीत, वर हसून रडणाऱ्या इमोजी, 'व्हेन यू आर द ओन्ली वन हू डिडंट फॉल'. दुसरं प्रेरणादायी: मागे पियानो, आणि कुणीतरी घोगऱ्या आवाजात सांगतोय की मैदान सोडू नका, टिकून राहा, तुमची वेळ येईल. दोन्ही वाचनं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींना एकच गोष्ट दिसत नाही. तो मागे राहिला नव्हता. तो मागे थांबला होता.

यासाठी आधी खेळ समजून घ्यावा लागतो, आणि रील्स नेमकं तेच करू देत नाहीत.

शॉर्ट ट्रॅकचं रिंगण १११.१२ मीटरचं असतं. आइस हॉकीच्या मैदानात, म्हणजे साधारण ६० बाय ३० मीटरच्या बर्फावर, ते आखलेलं असतं. आखलेलं म्हणजे काय, तर प्रत्येक वळणावर सात काळे रबरी ठोकळे ठेवलेले असतात, त्यांच्या आतून जायचं नाही. बाकी लेन नाही, रेषा नाही. सगळे एकदम सुटतात, आणि घड्याळाशी कुणाचं भांडण नसतं. रेषेवर पहिला पोचला तो पहिला, मग वेळ कितीही असो. १००० मीटर म्हणजे नऊ फेऱ्या, म्हणजे अठरा वळणं. वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं पातं, तेही वळणासाठी मुद्दाम किंचित वाकवलेलं आणि बुटाखाली डावीकडे सरकवून बसवलेलं, कारण हा खेळ आयुष्यभर फक्त डावीकडे वळतो. डाव्या हाताच्या ग्लव्हला बोटांवर गुळगुळीत कडक टोपणं असतात, वळताना हात बर्फाला टेकवायला. साधा अकरावीचा फिजिक्सचा हिशेब केला तरी कळतं, की त्या वेगात, तेवढ्या लहान वळणावर, अंगावर येणारा आडवा जोर स्वतःच्या वजनाच्या दीडपटीच्या घरात जातो. माणूस उभ्यापेक्षा आडव्याच्या जास्त जवळ असतो. आणि अशा अवस्थेत तुमच्या पुढे-मागे हातभर अंतरावर आणखी चार जण आहेत, पायांना सुऱ्या बांधून.

सुऱ्या ही उपमा नाही. १९९४ साली माँट्रियलच्या शर्यतीत एका इटालियन स्केटरचं पातं ब्रॅडबरीच्या मांडीत घुसलं. चार लिटर रक्त गेलं, १११ टाके पडले. (रिंगणाचे मीटरही १११. हा योगायोग माझ्यासारख्या आकड्यांच्या माणसाला झोपू देत नाही, पण त्याला काही अर्थ नाही, हेही मला माहीत आहे.) २००० साली सरावात पडून त्याच्या मानेचे दोन मणके मोडले आणि डोक्याला स्क्रूने बसवलेली चौकट घालून त्याला राहावं लागलं. त्याच्या आधी, १९९४च्याच लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये, ऑस्ट्रेलियाला ५००० मीटर रिलेत कांस्य मिळवून देणाऱ्या संघात तो होता. त्या देशाचं ते पहिलंच हिवाळी पदक. क्लिपमधला 'कोण हा येडा' असा दिसणारा माणूस म्हणजे हा.

आता काकांच्या प्रश्नाकडे. उपांत्यपूर्व फेरीत ब्रॅडबरी तिसरा आला होता, पुढे जाणार दोघं. कॅनडाचा मार्क गान्यों बाद ठरला म्हणून हा पुढे सरकला. इथपर्यंत नशीब, मान्य. पण उपांत्य फेरीच्या आधी त्याने आणि त्याची प्रशिक्षक ॲन झँग हिने बसून विचार केला. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. समोरचे वेगाने त्याच्या वरचे. एका संध्याकाळात एकामागून एक फेऱ्या, पाय संपलेले. घोळक्यात शिरून झुंजलं तर सगळ्यात चांगलं काय होईल? पाचवा. सगळ्यात वाईट काय होईल, ते त्याच्या मांडीवर लिहिलेलंच होतं. मग घोळक्याबाहेर राहायचं. पुढच्यांना एकमेकांशी भांडू द्यायचं. हे चौघं-पाच जण असे आहेत की दुसरा क्रमांक त्यांच्यापैकी कुणालाच चालणार नाही, म्हणजे शेवटच्या वळणाला काहीतरी होणार. दोघं पडले तर कांस्य. उपांत्य फेरीत नेमके तिघं पडले. अंतिम फेरीत त्याने तेच पुन्हा केलं, आणि चौघं पडले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. याला आम्ही रणनीती म्हणतो आणि त्यासाठी स्लाइड बनवतो. वेगवेगळ्या निकालांची शक्यता मांडायची, आपल्या हातात काय आहे ते बघायचं, आणि ज्या जागी उभं राहिल्यावर सरासरीने सगळ्यात जास्त पदरात पडेल तिथे उभं राहायचं. चौघं पडतील हे त्याने ओळखलेलं नव्हतं. पण कुणी पडलं तर आपण कुठे असायला हवं, हे नक्की ओळखलेलं होतं.

म्हणजे प्रेरणादायी रील बरोबर, असं मी म्हणतोय का? नाही. ती रील मला विनोदी रीलपेक्षा जास्त खोटी वाटते. विनोदी रील निदान कुणाला काही विकत नाही. 'टिकून राहा, वेळ येईल' म्हणणाऱ्याने त्याच रिंगणात टिकून राहिलेले आणि वेळ न आलेले स्केटर मोजलेले नसतात. त्यांची क्लिप बनत नाही. मागे थांबलेला माणूस बहुतेक वेळा मागेच राहतो.

हे मला एवढं का लागतं, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत आहे तिथे कपात झाली. आमची सहा जणांची टीम. त्यातले चौघं एका मंगळवारी सकाळी लॉग-इन करायला गेले आणि त्यांचे पासवर्ड चालेनात. मी उरलो. माझं काम त्या चौघांपैकी किमान दोघांपेक्षा डावं होतं, हे मी आजही कुठेही लिहून देईन. मी उरलो, कारण सहा महिन्यांपूर्वी सगळे नव्या, चमकदार प्रॉडक्टकडे धावत असताना मी जुन्या, कुणालाच नको असलेल्या बिलिंगच्या कोडपाशी राहिलो. ते नवं प्रॉडक्ट बंद झालं. बिलिंग कधी बंद होत नाही. टीममधल्या माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राने, जो गेला, त्याच रात्री मला ही क्लिप पाठवली. खाली एकच ओळ: 'ब्रॅडबरी झालास भावा.'

मी हसण्याची इमोजी टाकली. दुसरं काय टाकणार?

पण तेव्हापासून ती क्लिप मी वेगळ्या नजरेने बघतो. हात वर करतानाचा तो संकोच बघतो. पोडियमवर उभं राहताना आपण हे स्वीकारायचं की नाही, असा प्रश्न त्याला पडला होता, असं त्याने नंतर अनेकदा सांगितलंय. त्याचं उत्तर असं होतं, की त्या दीड मिनिटासाठी नाही, त्याच्या आधीच्या दहा-बारा वर्षांसाठी मी हे घेतो. मला हे उत्तर आवडतं, पण पूर्ण पटत नाही. कारण मेहनतीची वर्षं अपोलो ओनोचीही होती, ली जियाजुनचीही होती. ओनोचं त्या रात्रीचं वागणं मला जास्त भावतं. पडल्यावर उठून, धडपडत, पाय पुढे ताणून त्याने रेषा ओलांडली आणि रौप्य घेतलं. त्याची मांडी फाटलेली होती. क्लिपमध्ये हे बहुतेक वेळा कापलेलं असतं, कारण विनोदाचा ठोका आधीच पडून गेलेला असतो. त्यात आणखी गंमत म्हणजे ब्रॅडबरी स्वतः स्केटचे बूट बनवायचा, आणि ओनोच्या पायात त्याचेच बूट असायचे.

खरा प्रश्न, समीक्षक म्हणून, हा आहे: ज्या खेळात असं होऊ शकतं, तो खेळ म्हणून सदोष आहे का? लाँग ट्रॅकवाले तसं म्हणतातच. तिकडे ४०० मीटरचं रिंगण, दोघंच स्केटर, प्रत्येकाची लेन वेगळी, आणि निर्णय घड्याळाचा. कुणाच्या पडण्याने कुणाला सोनं मिळत नाही. स्वच्छ, न्याय्य. आणि माझ्या मते बऱ्यापैकी कंटाळवाणं. लाँग ट्रॅक म्हणजे प्रवेश परीक्षा. शॉर्ट ट्रॅक म्हणजे परीक्षेनंतरचं सगळं. तिथे तुमचा वेग हा फक्त एक मुद्दा असतो. कुणाच्या मागे राहून वारा टाळायचा, कुठल्या फेरीला बाहेरून निघायचं, पुढच्याचा पाय थकलाय हे त्याच्या पाठीवरून कसं ओळखायचं, हे सगळं त्यात येतं. आणि पंच येतात. त्याच २००२च्या स्पर्धेत १५०० मीटरला कोरियाचा किम डाँग-सुंग पहिला आला, राष्ट्रध्वज घेऊन फिरू लागला, आणि मग कळलं की ओनोला आडवं गेल्याबद्दल तो बाद आहे. सोनं ओनोला. कोरियात आजही हा विषय काढून बघा. हा खेळ न्याय्य नाही, असं मला वाटतं. पण त्याच्या अन्यायाचा आकार मला ओळखीचा वाटतो, म्हणून मी बघतो.

मालवणात बर्फ फक्त मासळीच्या खोक्यात असतो. तरी या खेळाची जवळची ओळख मला चिवल्यावर झाली, हे मला फार उशिरा लक्षात आलं. डिसेंबरात चिवला बीचवर समुद्रात पोहण्याची राज्यस्तरीय स्पर्धा होते. शाळेत असताना मी दोनदा उतरलोय. तलावात प्रत्येकाची लेन असते. समुद्रात नसते. शिट्टी वाजली की सगळे एकदम पाण्यात, आणि पहिल्या बोयापाशी सगळ्यांना एकाच जागेतून वळायचं असतं. तिथे हात तोंडावर बसतात, चष्मा निघतो, कुणीतरी पायाला धरतं, मुद्दाम की चुकून हे कधीच कळत नाही. पहिल्या वर्षी मी बोयाला चिकटून वळायला गेलो आणि दोन घोट पाणी पिऊन थांबलो. दुसऱ्या वर्षी काकांनी सांगितलं, "भायरसून जा. लांब पडतला, पण तुझो तू जाशीत." लांब पडलं. क्रमांक आला नाही. पण पोहणं पूर्ण झालं. दांडीवरच्या माणसाने ब्रॅडबरीची क्लिप बघून नेमका तोच प्रश्न का विचारला, ते त्यात आहे. समुद्रात मागे असणं आणि मागे राहणं यात फरक असतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

(ब्रॅडबरीचं पुढचं आयुष्यही समुद्राशी येऊन टेकलं. २०२२ साली क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर मुलाला सर्फिंग शिकवत असताना ओढीत सापडलेल्या चार मुलींना त्याने बाहेर काढलं, आणि त्याबद्दल पुढच्या वर्षी त्याला शौर्याचा सरकारी सन्मान मिळाला. तारकर्ली-देवबागला राहणाऱ्यांना ओढ म्हणजे काय ते सांगायला नको. या बातमीची रील मला कुणीच पाठवलेली नाही.)

आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की मात्र वेगळंच चित्र येतं. विक्रम. इथून काही तासांवर बेळगाव आहे. तिथे रोलर स्केटिंगचं वेड मोठं आहे. तिथल्या रोहन कोकणेचं नाव लिंबो स्केटिंगसाठी, म्हणजे पाय फाकवून जमिनीला टेकल्यासारखं होऊन गाड्यांखालून सरकत जाण्यासाठी, गिनीज बुकात गेलं. त्या मुलाच्या शरीराने केलेली गोष्ट थक्क करणारी आहे, यात वाद नाही. माझी तक्रार आपल्या, बघणाऱ्यांच्या आवडीबद्दल आहे. विक्रमात समोर कुणी नसतं. आकडा असतो, प्रमाणपत्र असतं, फ्लेक्स लागतो. शर्यतीत समोर दुसरा माणूस असतो आणि तोही तुमच्याइतकाच शहाणा असतो. लहान मुलांना तासन् तास गोल फिरवून 'जागतिक विक्रम' करणारे उपक्रम आपल्याला समजतात. चौथा आलेला स्केटर समजत नाही. आणि बर्फाचं म्हणाल, तर डेहराडूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं हिमाद्री रिंक वर्षानुवर्षं बंद पडून होतं. ते पुन्हा सुरू होऊन तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली ती ऑगस्ट २०२५मध्ये.

शेवटी दुसऱ्या एका क्लिपबद्दल बोलायचंय. तीही तुम्ही पाहिलेली आहे. २ ऑक्टोबर २०२३, हांगचौ आशियाई स्पर्धा. बर्फ नाही, चाकांचे स्केट, पण शॉर्ट ट्रॅकचं सख्खं भावंड. ओनोही लहानपणी चाकांवरूनच बर्फावर गेला. पुरुषांची ३००० मीटर रिले. कोरियाचा शेवटचा स्केटर चुंग चल-वन पुढे आहे. रेषा यायच्या आधीच तो सरळ उभा होतो आणि मुठी आवळून हात वर करतो. मागून तैवानचा ह्वांग यू-लिन डावा पाय पुढे फेकतो. तैवान ४ मिनिटं ५.६९२ सेकंद. कोरिया ४ मिनिटं ५.७०२ सेकंद. एक शतांश सेकंद. आशियाई सुवर्ण मिळालं असतं तर चुंगला आणि त्याच्या एका सहकाऱ्याला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली असती. म्हणजे त्या वर केलेल्या हातांची किंमत दीडेक वर्षाची होती, आणि त्यातली अर्धी दुसऱ्यानेच भरायची होती.

ही क्लिपसुद्धा मी फॉरवर्ड केली. 'डिप्लॉय व्हायच्या आधी पार्टी करू नका' असं लिहून ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, खूप इमोजी आल्या. ब्रॅडबरीचे हात उशिरा वर गेले, चुंगचे लवकर. असा एक हुशार लेखही मी तेव्हा डोक्यात लिहून टाकला होता.

मग कितीतरी महिन्यांनी, कपातीत गेलेल्या त्या मित्राशी बोलताना, त्याने सहज विचारलं, "त्या रेसमध्ये तिसरं कोण आलं माहितीये?" मला माहीत नव्हतं. त्याला नवी नोकरी मिळायला सात महिने लागले होते. त्या काळात त्याने अशा बऱ्याच गोष्टी पूर्ण पाहिल्या होत्या.

तिसरा भारत होता. ४ मिनिटं १०.१२८ सेकंद. आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे, विक्रम इंगळे. कांबळे आणि इंगळे आपल्या महाराष्ट्रातले. त्याच दिवशी मुलींच्या संघानेही ३००० मीटर रिलेत कांस्य मिळवलं. आणि त्या चौघांतला तमिळनाडूचा वेलकुमार सप्टेंबर २०२५मध्ये चीनमध्ये १००० मीटरचा जगज्जेता झाला. जगातली बहुधा सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेली स्केटिंगची शर्यत, तिच्यात पदक घेणारी दोन मराठी मुलं, आणि मी ती क्लिप विनोद म्हणून वाटत फिरत होतो.

ते चौघं कुणाच्या पडण्याने तिसरे आले नाहीत. त्यांच्यासाठी कुणी लवकर हात वर केले नाहीत. ते फक्त तिसऱ्या क्रमांकाच्या वेगाने स्केट करत तिसरे आले. याचा विनोद होत नाही आणि याला पियानोही लागत नाही.

मी ती रील पुन्हा उघडली. चुंग हात वर करतो, ह्वांग पाय फेकतो, चित्र गोठतं, मग तेच स्लो मोशनमध्ये, मग झूम करून, मग पुन्हा. पहिला आणि तिसरा यांच्यात ४.४३६ सेकंदांचं अंतर आहे. माझ्याकडे आलेल्या एकाही रीलमध्ये रेषेनंतर तेवढे सेकंद शिल्लक नाहीत. पूर्ण शर्यत शोधायला मला एक संध्याकाळ लागली, मालवणातलं नेटवर्क धरून. ती लिंक मी मित्राला पाठवली. त्याने आधीच पाहिली होती.